पाण्याचा दिवस धरून

२४ मार्च, मंगळवार. दुपारी २.१०
आजपासून रोजनिशी. नियम तीन. मोजता येईल तेच लिहायचं. भावना लिहायच्या नाहीत. कुणाला दाखवायची नाही.
कारण: सकाळी स्टेशनवर पुन्हा दोन तक्रारी. एक गृहस्थ म्हणाले, तुमचा तिप्पण्णा सत्तेवाल्यांचा माणूस आहे. दुसरे म्हणाले, विरोधकांचा आहे. दोन्ही खरं असू शकत नाही. मोजलं की कळेल.
आमचं कम्युनिटी रेडिओ स्टेशन. एका शिक्षणसंस्थेचं, दोन खोल्यांचं. परवान्यानुसार आम्हाला बातम्या देता येत नाहीत, फक्त माहिती. पाणी, वीज, कुठला रस्ता बंद. पण सोलापुरात पाण्याबद्दल माहिती द्यायला तोंड उघडलं की दुसऱ्या वाक्याला राजकारण सुरू होतं. त्यामुळे सकाळी सात ते आठ, सोमवार ते शनिवार, "पाणी आलं का?" हा आमचा सगळ्यात जास्त ऐकला जाणारा आणि सगळ्यात कमी शिस्तीचा कार्यक्रम. निवेदक तिप्पण्णा, वय ५८. आधी गिरणीत होता, गिरणी बंद झाल्यावर इथे. मी तांत्रिक बाजू बघते. आठ महिने झाले. इलेक्ट्रॉनिक्सची पदवी, फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शन.
तिप्पण्णाबद्दल माझं काहीही मत नाही. हे आजच लिहून ठेवते.

२५ मार्च, बुधवार
मोजणी सुरू. अ बाजू म्हणजे महापालिकेत सत्तेत असलेले. ब बाजू म्हणजे नसलेले. पक्षांची नावं रोजनिशीतही लिहीत नाही, माझा कल दिसायला नको. (कल नाहीच.)
सूत्र: अ बाजूच्या बाजूने गेलेले सेकंद वजा ब बाजूचे, भागिले दोन्हींची बेरीज. नाव दिलं: झुकाव. शून्य म्हणजे तटस्थ.
आज अ ३१२, ब १८८. झुकाव ०.२५.
अ मध्ये चावीवाल्याच्या कौतुकाचे ४० सेकंद धरले. चावीवाला म्हणजे चनमल्लप्पा, व्हॉल्व्ह फिरवून गल्लीगल्लीत पाणी सोडतो. तिप्पण्णा हवेवर म्हणाला की चनमल्लप्पाला ताप असूनही पहाटे चावी फिरवायला आला, लई भला माणूस. पगार महापालिकेचा, म्हणून अ.
७.१० ला मथुराबाईंचा फोन. रोज ७.१० लाच येतो. कुंभारी रस्त्याकडच्या कामगार वसाहतीत एकट्या राहतात, वय ६७, जन्मभर विड्या वळल्या. वाचता येत नाही. पाण्याचा दिवस त्यांना आमच्याकडूनच कळतो. तिप्पण्णाने विचारलं, मथुराक्का, चहा झाला का? त्या म्हणाल्या, तू पाजतोस व्हय? वत की रेडिओतनं. तो म्हणाला, साखर किती? त्या म्हणाल्या, तुझ्या जिभंवर हाय तेवढी नगं, शुगर वाढंल.
११० सेकंद. कुठल्याच बाजूचे नाहीत. वेगळा रकाना केला: वाया.

२६ मार्च, गुरुवार
झुकाव वजा ०.०६. म्हणजे आज ब कडे. हे शक्य नाही.
वर्गीकरण पुन्हा तपासलं. महापालिकेवर टीका करणाऱ्या कॉलरला तिप्पण्णा हसला होता. हसण्यामुळे टीकेचं वजन कमी होतं, म्हणून हसणं अ कडे टाकलं. झुकाव ०.१९. आता बरोबर.

२८ मार्च, शनिवार
सगळे गेल्यावर माइक तपासला. माइक तपासायचा तर बोलावं लागतं. १७ मिनिटं बोलले. पाण्याचे वार, विजेची दुरुस्ती, बंद रस्ते. उच्चार स्पष्ट, पातळी एकसारखी, कुठेही लाडिकपणा नाही. माइकवर बसायची मला अजिबात इच्छा नाही. तुलनेसाठी रेकॉर्ड केलं एवढंच.
घरी अम्मीला ऐकवलं. क्या गे, रेल्वे आने वाली है क्या, म्हणाली. अम्मी तिप्पण्णाची रोजची श्रोती आहे, त्यामुळे तिचं मत ग्राह्य धरलं नाही.
एक जुनी नोंद इथे करून ठेवते. गेल्या ११ ऑगस्टला, माझ्या पहिल्या आठवड्यात, सकाळी ७.२३ ला तिप्पण्णा हवेवर म्हणाला होता, आमच्याकडं नवी इंजिनेर अक्का आलीया, बटणं लई भारी दाबती, पण हसत न्हाय. ती हसली की पाणी येतंय म्हणत्यात. पुढे नऊ दिवस लोक फोन करून विचारत होते, हसली का?
याचा मोजणीशी काही संबंध नाही.

३० मार्च, सोमवार
पाणीपुरवठ्याची नोटीस आली. "१ एप्रिलपासून सर्व गटांना चार दिवसाआड पाणी." या वेळी सोबत वारांचा तक्ता नाही. तक्ता नसला तर गोंधळ होतो. प्रत्येक गटाचा वार मी स्वतः काढणार. कुणीतरी अचूक असायला हवं.

१ एप्रिल, बुधवार. दुपारी १२.४०
गट ३ ला आज पाणी आलं. कामगार वसाहत याच गटात. पुढचं पाणी कधी?
तिप्पण्णा म्हणाला, रविवारी. मी म्हटलं, सोमवारी. आड म्हणजे मध्ये. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार हे चार दिवस आड, मग सोमवार. तो बोटांवर मोजत बसला. बुध, गुरू, शुक्र, शनी. झाले की चार. रविवारी पाणी. मी विचारलं, बुधवार कसा मोजला? बुधवारी पाणी आलंय. म्हणाला, पाण्याचा दिवस धरून मोजायचं असतंय अक्का. मी विचारलं, कुठे लिहिलंय? म्हणाला, लिहिलेलं कुठलं असतंय, घागरीला ठावं असतंय.
घागर हा स्रोत नाही.
मग लक्षात आलं. सकाळीच ब बाजूचा कॉलर ओरडत होता की आता पाचव्या दिवशी पाणी देणार. अ बाजूचा म्हणत होता, चौथ्या. तिप्पण्णाचा रविवार कुणाच्या सोयीचा? अ च्या. झुकावाचा इतका स्वच्छ नमुना आठवडाभरात मिळाला नव्हता.
पाणीपुरवठ्याला फोन लावला. एंगेज. पुन्हा लावला नाही, गरज नव्हती. मराठी मला येते. शब्दकोशातही बघितलं.
आमच्या घरी बोअर आहे, त्यामुळे पाण्याचे वार मला पाठ नाहीत. तटस्थ राहायला हे बरंच आहे.
उद्याच्या कागदावर स्वतः लिहिलं: गट ३, पुढील पाणी सोमवार ६ एप्रिल. खाली दोन रेघा.

२ एप्रिल, गुरुवार
तिप्पण्णाने कागद बघितला. चार सेकंद हवेवर शांतता. रेडिओत चार सेकंद फार असतात. काचेतून माझ्याकडे बघितलं. मी रेघांकडे बोट दाखवलं. त्याने वाचलं.
७.१० ला मथुराबाई. म्हणाल्या, सोमवारी का? नक्की का? मग शनिवारी मी अकलूजला लेकीकडं जाऊन येते की, रविवारी सांजच्याला माघारी. तिप्पण्णाने पुन्हा काचेतून बघितलं. मी मान हलवली. तो म्हणाला, व्हय अक्का, सोमवार. कागदावर हाय. जाऊन या निवांत, लेकीला आमचा नमस्कार सांगा.
प्रसारण अचूक. समाधान. (भावना. खोडायची.)

५ एप्रिल, रविवार
सुट्टी. सकाळी बोअरची मोटर लावली. झुकावाचा अहवाल लिहायला घेतला. सहा आलेख होतील. रंग: अ निळा, ब हिरवा, वाया करडा.

६ एप्रिल, सोमवार
७.०० ते ८.०० मध्ये ३१ फोन. विषय एकच. गट ३ ला पाणी काल आलं. रविवारी, पहाटे साडेपाचला.
पूर्व भागातला एक यंत्रमागवाला म्हणाला, तुमचा रेडिओ ऐकून आमी झोपलो, आन् शेजारी रेडिओ ऐकत न्हाय त्यानं टाकी भरून पायरी बी धुतली. एक बाई म्हणाल्या, घरात पाहुणे हायत, आता गुरुवारपातुर त्यांना काय दाखवू, नळ?
तिप्पण्णाने सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग म्हणाला, मंडळी, चूक माझी. मोजताना माझं बोट चुकलं. माफी करा. बारा सेकंद. या वेळी काचेकडे बघितलं नाही.
मुद्दे. व्याकरणाने सोमवारच बरोबर होता. पाणी चुकीच्या दिवशी आलं. शिवाय माहिती हवेवर गेल्यावर जबाबदारी निवेदकाची, नियमावली कलम ६. तरीही कागद माझा होता हे उद्या सांगणार. आज सांगितलं असतं तर कार्यक्रमात व्यत्यय आला असता.
७.१० ला मथुराबाईंचा फोन आला नाही. लाइन ७.१२ पर्यंत मोकळी ठेवली होती.

७ एप्रिल, मंगळवार
त्यांच्या शेजारणीचा फोन. मथुराबाई रविवारी संध्याकाळी अकलूजहून आल्या. पिंप कोरडं. काल पहाटेपासून नळाखाली घागर लावून बसल्या, रेडिओनं सांगितलंय, येईल म्हणत. सात वाजता कुणीतरी सांगितलं की पाणी कालच येऊन गेलं. शेजारीण म्हणाली, माझ्यातलं न्या दोन घागरी. नको म्हणाल्या, तुझी पोरं हायत. रानाच्या कडेला विहीर आहे तिकडे गेल्या. पायऱ्यांवरून घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. गुरुवारी ऑपरेशन.
पायऱ्या शेवाळलेल्या होत्या. हा स्वतंत्र घटक आहे.
शेजारीण पुढे म्हणाली, दवाखान्यात म्हातारी एकच म्हणतीया, माझंच आयकण्यात काय तरी चुकलं असंल.
तिप्पण्णा गाणं लावून बाहेर गेला. अकरा मिनिटं आला नाही. तेच गाणं दोनदा वाजलं. नोंद केली.

८ एप्रिल, बुधवार
काल सांगायचं राहिलं. तिप्पण्णा कार्यक्रम संपताच दवाखान्यात गेला. दिग्विजय सर, म्हणजे आमचे स्टेशनप्रमुख, मीटिंगमध्ये. सांगायला योग्य माणूस आणि योग्य वेळ दोन्ही लागतात.
घरी अम्मीला सहज विचारलं, चार दिवसाआड म्हणजे कधी? भाकरी थापता थापता म्हणाली, पानी का दिन पकड के चार. मी म्हटलं, असं कसं? म्हणाली, जुन्या घरात तेवीस साल पानी भरी मैं. पूछना था मेरेकू.
विचारलं नव्हतं. अम्मी अधिकृत स्रोत नाही.
जेवण गेलं नाही. उन्हाळा.

१० एप्रिल, शुक्रवार
अहवाल दिला. १४ पानं, ६ आलेख. सरासरी झुकाव ०.२२. दिग्विजय सरांनी आलेख रंगांवरून वाचले. निळं जास्त दिसतंय, म्हणाले. संस्थेकडेही तक्रारी गेल्यात, वरचे लोक विचारतायत, बरं झालं कागदावर काहीतरी आलं.
मग विचारलं, सोमवारची ती चूक कुणाची?
मी म्हटलं, ती निवेदकाच्या तोंडून गेली.
वाक्य अचूक आहे. घरी येऊन पुन्हा तपासलं. अचूक आहे.
उद्या पूर्ण माहिती देणार.

११ एप्रिल, शनिवार
सर सासुरवाडीला. फोनवर सांगण्यासारखा विषय नाही.

१३ एप्रिल, सोमवार
तिप्पण्णाला "विश्रांती" दिली. सरांनी केबिनमध्ये सांगितलं. पाच मिनिटांत बाहेर आला. खुर्चीवरची उशी घेतली, ती त्याची होती. मग माझ्या खोलीत आला. तो या खोलीत कधी येत नाही, एसी सोसत नाही म्हणतो.
खिशातून घडी केलेला कागद काढून टेबलावर ठेवला. माझं अक्षर. दोन रेघा. म्हणाला, हे तुझ्याजवळ ठेव अक्का. फायलीत नको लावू, कुणी बघंल.
मी विचारलं, वाचताना शंका आली होती ना? मग का वाचलंत?
म्हणाला, आली की. पण तू शिकलेली. मला वाटलं, आमीच इतकी वर्सं चुकीचं मोजत असू.
मग म्हणाला, मथुराक्काला दवाखान्यातनं घरी सोडलं की सांग. मला तितं वार्डात जाऊ देईनात आता. लेक दारातच अडवती, तुमच्यामुळंच आई पडली म्हणती.
मी हो म्हटलं. कागद ए-फाइव्ह आकाराचा. पर्समध्ये ठेवला.
गेला तेव्हा ११.४२.

१४ एप्रिल, मंगळवार
निवेदक बदलाची सूचना मी लिहिली. "पक्षपात आणि चुकीची माहिती आढळल्यामुळे कार्यक्रमाचे निवेदक बदलण्यात आले आहेत." सर म्हणाले, जरा मऊ करू या का, वैयक्तिक कारणामुळे वगैरे. मी म्हटलं, ते खोटं होईल. अचूकतेशी तडजोड नको.
तीन दिवस, रोज दोन वेळा वाचायची ठरली. वाचणार कोण, तर तात्पुरती मी. मला इच्छा नव्हती. कुडता इस्त्रीचा घातला होता, तो योगायोग.

१६ एप्रिल, गुरुवार
माझा तिसरा कार्यक्रम. झुकाव ०.००. आठ महिन्यांत, बहुधा या स्टेशनच्या इतिहासात, पहिल्यांदा. दोन्ही बाजूंना प्रत्येकी १४५ सेकंद. वाया शून्य.
वार आता पाणीपुरवठ्याकडून लेखी घेते. अधिकारी म्हणाले, बाई, एवढं लेखी कशाला, पाण्याचा दिवस धरून मोजा की. लेखी घेतलं.
फोन पाच. एकाने विचारलं, तिप्पण्णा कुटं हाय? मी सांगितलं, तो आजचा विषय नाही. म्हणाला, मग आजचा विषय काय हाय? मी म्हटलं, पाणी. म्हणाला, ते तरी कुटं हाय? फोन ठेवला. ९ सेकंद. कुठल्या बाजूला धरायचे कळेना.
अम्मीने आज रेडिओ लावला नाही. रेंज नसेल.

१८ एप्रिल, शनिवार
फोन दोन. एक राँग नंबर. झुकाव ०.००.

२० एप्रिल, सोमवार
फोन शून्य. लाइन तपासली, ठीक आहे. स्वतःच्या मोबाइलवरून लावून बघितला. वाजला. मी उचलला. दोन्हीकडून माझाच आवाज, अर्ध्या सेकंदाच्या फरकाने.
शून्य फोन असले तर झुकाव काढता येत नाही. भागिले शून्य होतं. शीटमध्ये एरर आली. त्या रकान्यात हाताने ०.०० लिहिलं.

२२ एप्रिल, बुधवार
आज सांगितलं.
ठरवून नव्हतं. सर जनरेटरबद्दल बोलत होते, मी मध्येच पर्समधून कागद काढून त्यांच्यासमोर ठेवला. म्हटलं, हे माझं अक्षर आहे. तिप्पण्णा रविवार म्हणत होते, सोमवार मी लिहिला.
सरांनी कागद वाचला. उलटा करून मागे काही आहे का बघितलं. मग म्हणाले, समरा मॅडम, तुम्ही फार बारीक विचार करता. संस्थेकडे पत्र गेलंय, त्यांनी मंजूर केलंय. आता बदललं तर तुमच्या अहवालाचं काय? मी म्हटलं, अहवालातही चुका आहेत, हसणं मी अ कडे धरलंय. ते म्हणाले, कुणाचं हसणं?
शेवटी म्हणाले, मनाला लागत असेल तर एक शुद्धिपत्र वाचून टाका. नावं नकोत.

२३ एप्रिल, गुरुवार
शुद्धिपत्र वाचलं. "दिनांक २ एप्रिल रोजी गट ३ संदर्भात प्रसारित झालेल्या माहितीमध्ये एका दिवसाची तफावत आढळून आली होती. सदर तफावत निवेदकाव्यतिरिक्त अन्य स्तरावर उद्भवली होती, याची श्रोत्यांनी नोंद घ्यावी." ७.१० ला वाचलं. १९ सेकंद. उच्चार स्पष्ट.
फोन शून्य.
अम्मीला मुद्दाम रेडिओ लावायला सांगितला होता. घरी आल्यावर विचारलं, ऐकलंस? म्हणाली, सुनी. काय समजलं? म्हणाली, गॅस के दाम बढ़े क्या?
मग मी साध्या शब्दांत सांगितलं. मी चुकले, तिप्पण्णाने स्वतःवर घेतलं, मी गप्प राहिले, आणि वर त्याची नोकरी घालवली. घरात एवढं सलग मी बऱ्याच दिवसांत बोलले नव्हते. अम्मी ऐकत राहिली. मग म्हणाली, ऐसा रेडिओपो बोलना था गे. सबकू समझता.
शनिवारी बोलेन. असंच, साध्या शब्दांत.

२५ एप्रिल, शनिवार
बोलले नाही. ७.१० ला तोंड उघडलं. नऊ सेकंद शांतता गेली. मग विजेच्या दुरुस्तीचे भाग वाचले.
रेडिओवर सगळ्यांना सांगण्याआधी मथुराबाईंना प्रत्यक्ष सांगणं जास्त योग्य. क्रम महत्त्वाचा. त्या घरी आल्यात असं शेजारणीकडून कळलं. तिप्पण्णाला कळवायचं होतं. उद्या भेटून आल्यावर कळवेन, म्हणजे चांगली बातमीही सोबत देता येईल. मथुराबाईंना खरं कळलं की त्या त्याला भेटतील. तो परत येईल. एका दिवसात सगळं दुरुस्त होण्यासारखं आहे.

२६ एप्रिल, रविवार. संध्याकाळी ६.५०
दुपारी कामगार वसाहतीत गेले. एक खोली, पुढे पडवी. मथुराबाई खाटेवर, शेजारी वॉकर. लेक अकलूजहून येऊन राहिली आहे. पत्रा तापलेला. भिंतीतल्या फळीवर रेडिओ होता, बंद.
नाव सांगितलं. त्यांनी आवाजावरून आधीच ओळखलं होतं. म्हणाल्या, तू ती सकाळची व्हय! ये, बस. केवढी बारीक हायस गं, आवाज मोठा वाटतो.
मी लगेच सांगितलं. म्हटलं, सोमवार मी लिहिला होता. तिप्पण्णा रविवारच म्हणत होते. चूक माझी आहे.
त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाल्या, न्हाय गं बाई. तू कशाला त्याचं वझं उचलतीस? तुला पाठवलं व्हय त्यानं?
मी म्हटलं, कुणी पाठवलं नाही. कागद दाखवला. हे माझं अक्षर. त्यांनी कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला, परत दिला. म्हणाल्या, मला काय कळतंय त्यातलं. पण रेडिओवर तूच सांगितलंस की, तीन दिस रोज. तो त्या लोकांचा माणूस हाय, त्यांच्या बाजूचं बोलतो, खोटं सांगतो. मी दवाखान्यात पडल्या पडल्या आयकलं. लई रडले. बारा वर्सं त्याला भाऊ म्हणलं.
मी म्हटलं, ते मी लिहिलेलं होतं, ते चूक होतं. लेक चहा घेऊन आली, म्हणाली, ताई, आता कुणीबी म्हणंल चूक व्हतं. ते बी राजकारणच. मोठ्या लोकांनी दाबलं असंल तुमाला.
मी तिसऱ्यांदा सांगितलं, सुरुवातीपासून, साध्या शब्दांत. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार. बोटांवर मोजून दाखवलं. मथुराबाई लक्ष देऊन ऐकत होत्या. मी संपवल्यावर म्हणाल्या, मन मोठं हाय तुझं. दुसऱ्याची चूक आपल्या अंगावर कोण घेतं आजकाल?
त्यांनी उशीखालून फोन काढला. वाचता येत नाही, पण तिप्पण्णाचा नंबर त्या फुलाच्या चित्रावरून ओळखतात. लेकीनं लावून दिलंय. म्हणाल्या, हे बग, रोज करतोय. मी उचलत न्हाय.
४३ मिस्ड कॉल. सगळे सकाळी ७.१० चे नव्हते, पण बरेचसे.
मी म्हटलं, मी लावून देते, बोला त्यांच्याशी. त्यांनी फोन माझ्या हातातून काढून घेतला, हळूच, आणि उशीखाली ठेवला.
म्हणाल्या, नगं. तू खरं बोलतीस, तुझंच आयकू आता. चहा घे, निवतोय.
मी चौथ्यांदा सांगितलं नाही.